विंगेतला मनकवडा

ऑस्ट्रेलियातल्या टार्निटच्या ज्या गल्लीत विलास देवकर राहतात, तिथली सगळी घरं एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखी दिसतात. रंग तोच, दार तेच, दारापुढचं मुठीएवढं गवतही तेच. नवीन नवीन असताना विलासराव फिरून आले की भलत्याच दारात चप्पल काढायचे. एकदा असेच एका पंजाबी घरात शिरले. तिथल्या बीजींनी, म्हणजे आजींनी, चहा दिला. बीजी पंजाबीत बोलल्या, हे मराठीत बोलले, दोघांचं छान जमलं, आणि घरी येऊन म्हणाले, "माणसं चांगली आहेत, पण आपलं घर नव्हतं ते." तेव्हापासून त्यांच्या सुनेने, मयूराने, लेटरबॉक्सला लाल रिबीन बांधून ठेवलीय.

माणूस मूळचा पाटण खोऱ्यातला. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि पुढे जन्मभर पिठाची गिरणी चालवली. आता गिरणीत कधी उभे राहिला असाल तर ठाऊक असेल, पट्टा एकदा फिरायला लागला की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नाही. बाया डबा पुढे ठेवायच्या आणि नुसते ओठ हलवायच्या. विलासरावांना तेवढं पुरायचं. ज्वारी जाड दळायची का बारीक, पाहुणे येणार आहेत का, घरात सासूशी वाजलंय का, सगळं त्यांना तोंडाकडे बघून कळायचं. एकीने डबा जरा आदळून ठेवला तर हे पीठ देताना म्हणायचे, "जाऊ दे वहिनी, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं." ती बिचारी डोळ्याला पदर लावायची. बाया म्हणायच्या, मनकवडा आहे मेला, ह्याच्यासमोर मनात पण शिव्या देता येत नाहीत.

पैशाचं काम झालं हे. आवडीचं काम वेगळं होतं. गावच्या यात्रेत दर वर्षी नाटक व्हायचं आणि विलासराव त्याचे प्रॉम्प्टर. अंगावर कधी राजाचा झगा चढला नाही की गालाला रंग लागला नाही, पण त्यांच्याशिवाय पडदा उघडायचा नाही. एका वर्षी राजाचं काम गावच्या पैलवानाकडे गेलं. पैलवान दिसायला राजा, पण पाठांतर म्हणाल तर स्वतःचं नाव सोडून काही नाही. मग विलासराव बॅटरी आणि वही घेऊन सिंहासनाखाली पालथे पडले. हे खालून एक वाक्य सांगणार, राजा वरून ते गरजणार. दरबार अगदी रंगात आला होता आणि विलासरावांच्या पोटाखाली लाल मुंग्यांची रांग निघाली. एक चावली. हे कळवळून म्हणाले, "आयाया, मेलो!" राजाने तलवार उपसली आणि गरजला, "आयाया, मेलो!" लोकांना वाटलं राजावर विषप्रयोग झाला. बाया रडायला लागल्या. प्रधानाचं काम करणारा गडी हुशार, त्याने धावत जाऊन राजाला धरलं. असलं मरण त्या यात्रेत पुन्हा झालं नाही असं अजून सांगतात.

तर असा हा माणूस, बायको कौमुदी गेल्यावर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला आला. मुलगा विक्रांत आयटीत. सकाळची ट्रेन गाठायला अंधारात निघणार आणि परत यायचा तो मान टाकलेल्या अवस्थेत. मयूरा एका दवाखान्यात रिसेप्शनला. विलासरावांचं इंग्रजी म्हणजे येस, नो, थँक्यू आणि इथे आल्यावर मिळालेलं नो वरीज. डॉक्टरने ब्लडप्रेशर वाढलंय असं सांगितलं, तरी हे म्हणाले, "नो वरीज." पण त्यांचं काही अडायचं नाही, कारण घरात उर्वी होती. नात. ती शाळेतून आली की दोघांची बडबड सुरू. तिचं मराठी म्हणजे खड्ड्याखड्ड्याने जाणारी गाडी, पण गाडी थांबायची नाही. "आजोबा, आज ना माझा टीचर रागावला झाली," असं काहीतरी. विलासरावांना त्यात काही चुकलं असं कधी वाटलंच नाही.

आणि मग गेल्या वर्षीचा गणपती आला.

इथे मराठी लोकांचं एक लहानसं मंडळ आहे. दर वर्षी एका शाळेचा हॉल घेऊन रविवारी दुपारी कार्यक्रम करतात आणि त्यात मुलांचं मराठी नाटक असतंच. गेल्या वर्षी उर्वी राजकन्या होती. तिने महिनाभर पाठ केलेलं वाक्य न अडखळता म्हटलं. पण तिच्या त्या इथल्या हेलात म्हटलं, आणि सगळा हॉल खो खो हसला. आता खरं सांगायचं तर लोक मायेनेच हसले. "किती गोड बोलते गं!" असं बायका एकमेकींना म्हणत होत्या. पण अकरा वर्षांच्या पोरीला मायेचं हसणं आणि फजितीचं हसणं सारखंच ऐकू येतं. ती तशीच उभी राहिली, बाकीचं नाटक तिने उभ्या उभ्याच घालवलं, आणि घरी आल्यापासून मराठीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. आईबापाला इंग्रजी चालतंच. मरण झालं ते म्हाताऱ्याचं. "उर्वे, शाळा कशी होती?" "फाइन." "जेवलीस का?" "येप." विक्रांत घरी असला की दुभाष्यासारखा मध्ये बसायचा. एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, ती म्हणतेय मॅथ्समध्ये ए आला." विलासराव म्हणाले, "ते कळलं मला तिच्या तोंडाकडे बघून. मला ते तिच्याकडून ऐकायचं होतं."

मनकवडा असण्याचा हा तोटा. पोरीच्या मनातलं सगळं दिसत होतं. ती बोलत मात्र नव्हती.

या वर्षी ऑगस्टमधली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर हाडं गोठवणारा वारा आणि विलासराव कानटोपी घालून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. बघतात तर ट्रॅम्पोलिनवर उर्वी आणि तिची मैत्रीण नुपूर मांडी घालून बसलेल्या. डोळे मिटलेले, दोन बोटं कपाळाच्या बाजूला टेकवलेली, हूं नाही की चूं नाही.

"काय गं, डोकं दुखतंय का दोघींचं?"

उर्वीने एक डोळा उघडून परत मिटला. नुपूर मात्र बोलकी. ती कुजबुजली, "आजोबा, आम्ही निंजा आहोत."

"ते उड्या मारतात ते?"

"नाही, ते दुसरे. आमची क्लॅन, म्हणजे घराणं ना, ते मनाचं आहे. आम्ही मन वाचतो, मनात बोलतो, आणि दुसऱ्याचं मन असं फिरवतो." तिने हवेत किल्ली फिरवून दाखवली. "उर्वी चीफ आहे. तिनेच सगळी क्लॅन बनवली. रूल आहे, कोणी तोंडाने बोलायचं नाही."

"मग तू कशी बोलतेस?"

"मी ट्रेनिंगवर आहे."

विलासराव ओला टॉवेल हातात घेऊन तसेच उभे राहिले. निंजा म्हणजे काय ते त्यांना धड माहीत नव्हतं, पण असलं घराणं त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. त्यांनी विचारलं, "ह्या घराण्यात म्हाताऱ्यांना घेतात का?"

नुपूरने चीफकडे बघितलं. चीफने डोळे मिटूनच इंग्रजीत सांगितलं आणि नुपूरने त्याचं मराठी केलं, की परीक्षा द्यावी लागेल. माझ्या मनात आत्ता काय आहे ते ओळखायचं.

विलासरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला, दोन बोटं कपाळाला लावली आणि नातीकडे बघितलं. पोरगी मांडी घालून बसली होती खरी, पण गुडघे हळूहळू हलत होते आणि ओठ दातांखाली घट्ट धरला होता.

"तुला बाथरूमला जायचंय," विलासराव म्हणाले. "बराच वेळ झाला."

उर्वीचे दोन्ही डोळे खाडकन उघडले. ट्रॅम्पोलिनवरून खाली उडी आणि ती घरात पळत सुटली ती थेट बाथरूममध्ये. नुपूर तोंडाचा आ करून बघत राहिली. "ओ माय गॉड आजोबा! यू आर इन."

अशी विलासरावांची घराण्यात भरती झाली. काळ्या कपड्याऐवजी त्यांना कानटोपी चालेल असं ठरलं.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक यामिनीच्या गॅरेजमध्ये भरली. मुलांचं नाटक बसवायचं काम यामिनीकडे. ती बिचारी रडकुंडीला आली होती. एकही मूल स्टेजवर मराठी बोलायला तयार नव्हतं. कमिटीतल्या कोणीतरी सुचवलं, नाटक काढून टाका आणि सरळ हिंदी गाण्यावर डान्स ठेवा. यामिनी म्हणाली, "एकदा काढलं ना, की परत कधी होणार नाही. सांगून ठेवते."

विलासराव सहसा बैठकीत चहापुरतं बोलायचे. त्या दिवशी उठून उभेच राहिले. "पोरांनी बोलायचंच कशाला?" ते म्हणाले. "एक निंजांचं घराणं आहे. ते मनात बोलतात. पोरं स्टेजवर नुसती डोळे वटारून उभी राहतील आणि त्यांच्या मनातलं आम्ही म्हातारे पडद्यामागून माइकवर बोलू. आम्हाला पाठ होत नाही, पण वाचता येतंय की."

मग यामिनी खुर्चीवरून उठली आणि चक्क त्यांच्या पाया पडली.

घरी येऊन विलासरावांनी चीफची परवानगी मागितली. घराणं शेवटी तिचं होतं. उर्वीने मान तिरकी करून विचारलं, "आय वोन्ट हॅव टू से एनिथिंग?"

"नो," विलासराव तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले. "नो वरीज."

गोष्ट अशी ठरली, की एक चोर सगळ्या गावाची झोप चोरून नेतो. गाव जांभया देऊन देऊन अर्धमेलं होतं. मग मनकवडे निंजा चोराच्या मनात शिरतात आणि झोप कुठे लपवलीय ते शोधून काढतात. चोराचं काम वरुणकडे, जो क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकतो आणि फुकट जेवण मिळतं म्हणून मंडळात येतो. चोराच्या मनाचा आवाज श्रीनिवास गुरुजींचा. गुरुजी कराडकडचे रिटायर्ड हेडमास्तर. मुलीकडे राहायला आलेत, पण आवाज अजून मैदानात प्रार्थना घेतल्यासारखा. आणि उर्वीच्या मनाचा आवाज विलासरावांचा.

तालमीत एक गंमत कळली. विलासरावांना मोठ्याने बोलता येईना. जन्म सगळा विंगेत कुजबुजण्यात गेला, आवाज तीन पावलांपलीकडे जायचा नाही. गुरुजी म्हणाले, "अहो विलासराव, पोटातून काढा आवाज." विलासरावांनी पोटातून काढला, तर खोकला आला. शेवटी यामिनीच म्हणाली, "राहू दे काका, मनाचा आवाज असाच असतो." दर रविवारी गॅरेजमध्ये मुलं काळे कपडे घालून उभी राहायची आणि म्हातारे वाचायचे. मुलांनी शब्द ऐकून चेहरा करायचा. म्हणता म्हणता पोरं अशी तयार झाली, की आजीने 'भीती' म्हणायच्या आत पोराचे खांदे वर जायचे. उर्वी तर सगळ्यांच्या पुढे. तोंडावर आईची काळी ओढणी घट्ट बांधलेली, वर नुसते डोळे. विलासराव वाचायचे आणि त्या डोळ्यांत एकेक शब्द उमटायचा. त्यांना वाटायचं, पोरीला सगळं कळतंय, अगदी सगळं. मग तालीम संपायची, ओढणी सुटायची, आणि गाडीत बसल्यावर परत "येप".

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. बाहेर यामिनीच्या नवऱ्याने वडे तळायला घेतले होते आणि त्याचा वास थेट स्टेजपर्यंत. पडद्यामागे दोन खुर्च्या मांडलेल्या, मध्ये स्टँडवर एक माइक. भाड्याने आणलेला, सगळ्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला. गुरुजींनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, कारण माइकजवळ ते शिट्ट्या मारत होतं. आणि विलासरावांचे कान तर अर्धे गिरणीनेच नेले होते.

नाटक झकास सुरू झालं. चोर आला, गाव जांभया देऊ लागलं, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही जांभया आल्या. मनकवडे निंजा रांगेने आले आणि उर्वीच्या मनाची कुजबूज हॉलभर पसरली तेव्हा मागची पोरंसुद्धा गप्प झाली. मग आला मुख्य प्रसंग, मनांची लढाई. उर्वी आणि वरुण समोरासमोर, बोटं कपाळाला, नजरेला नजर. इथे पडद्यामागून काहीच वाचायचं नव्हतं. यामिनीने बजावून सांगितलं होतं, या वेळी हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यायला हवी, तेव्हा माइक बंद करा.

गुरुजींनी माइकच्या बटनाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. विलासरावांनी वाकून बघितलं. बटन वर होतं. त्यांनी हाताने खूण केली, वर म्हणजे बंद, घरातल्या बटनासारखं. गुरुजींना पटलं. मग आत्तापर्यंत आवाज बाहेर कसा जात होता, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

दोघे खुर्चीत मागे टेकले.

"वडे संपत आलेत म्हणे बाहेर," गुरुजी म्हणाले.

हॉलमधल्या लोकांनी हे ऐकलं, ते झोप चोरणाऱ्या भयंकर चोराच्या मनातून. वरुण चलाख पोरगा. नजर न हलवता त्याने एक हात हळूच पोटावरून फिरवला. हशा पिकला.

"माझे दोन मयूराने बाजूला ठेवलेत," उर्वीचं मन म्हणालं.

उर्वी क्षणभर गोंधळली. पण तालीम पक्की होती. तिने दोन बोटं वर केली आणि चोराच्या नाकासमोर नाचवली. लोक खुर्च्यांतून पडायचे बाकी राहिले. हॉलच्या मागच्या बाजूला यामिनी दोन्ही हात हलवून खुणा करत होती, पण मध्ये गच्च गर्दी, आणि पडद्यामागून ती दिसणार कशी?

"ऐकलंत का, हसतायत," गुरुजी म्हणाले. "पोरं डोळ्यांचं काम भारी करतात. विलासराव, नात तुमची नाव काढणार. आता बोलते का तुमच्याशी?"

"कुठलं बोलते, गुरुजी."

वरुणचा पोटावरचा हात थांबला. हॉलमधलं हसू विरलं.

"वर्ष झालं. मागच्या गणपतीत लोक हसले, तेव्हापासनं तोंडाला कुलूप. मी आपला प्रॉम्प्टर. समोरचा अडला की शब्द पुढे करायचा, एवढंच मला येतं. पण ही अडलेलीच नाही. हिला सगळं येतंय, गुरुजी. तिथं मी काय पुढे करू?" मग तीच कुजबूज म्हणाली, "मला तिचं ते मोडकंतोडकंच पाहिजे. माझ्या इंग्रजीपेक्षा बरंच आहे की."

आता खरोखर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मयूराने रुमाल तोंडाशी धरला होता. स्टेजवर उर्वी तशीच उभी होती. कपाळाची बोटं खाली आली. आजवर तिच्या मनातलं आजोबा ओळखत आले होते. आज आजोबांच्या मनातलं तिच्याच मनातून सगळ्या हॉलने ऐकलं होतं. ती वळली, पडद्याजवळ गेली, ओढणी नाकावरून खाली ओढली आणि पडद्याच्या फटीत तोंड घालून म्हणाली,

"आजोबा, माइक चालू आहे! सगळा लोक ऐकतायत!"

त्याच हेलात. तसंच मोडकंतोडकं. आणि हॉल असा हसला की छतावरचे पंखे हलले म्हणावेत.

पडद्यामागे विलासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण हाडाचा प्रॉम्प्टर. नाटक मध्येच थांबलंय, पोरगी समोर उभी आहे, लोक हसतायत. काय करायचं ते त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी फटीतून कुजबुजून शब्द पुढे केला, "चोरा, झोप परत दे."

उर्वी त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळली, स्टेजच्या मधोमध गेली आणि हसणं ओसरेपर्यंत, मुरलेल्या नटासारखी, कमरेवर हात ठेवून थांबली. ओढणी गळ्यात आली होती, त्यामुळे तीसुद्धा हसत होती ते सगळ्यांना दिसत होतं.

"चोरा," ती तोंडाने, मोठ्याने म्हणाली, "झोप परत दे!"

वरुणने दोन्ही हात जोडून गावाची झोप परत केली. सगळं गाव धाडकन आडवं होऊन घोरायला लागलं, आणि पडदा पडला.

घरी जाताना मयूरा गाडी चालवत होती. मागे आजोबा आणि नात, मध्ये कागदी रुमालात गुंडाळलेले दोन गार वडे. त्यातला एक विलासरावांनी वाटेतच संपवला. अजून ते जरा शरमलेले होते.

उर्वीने दोन बोटं कपाळाला लावली. "आजोबा, ओळख. माझा मनात काय आहे?"

विलासरावांनी तिच्याकडे बघितलं. पोरीची नजर त्या राहिलेल्या वड्यावर अशी रोवलेली होती, की गिरणीतला कुठलाही पोरसवदा गडीसुद्धा सांगू शकला असता. विलासरावांनी डोळे मिटले, बोटं कपाळाला लावली, हूं हूं केलं आणि मान हलवली.

"नाही बुवा. आज काहीच दिसत नाही. तूच सांग."

"रिअली? काहीच नाही?"

"काळोख आहे नुसता. अगदी सावकाश, पहिल्यापासनं सांग."

मग तिने सांगायला सुरुवात केली. वड्यापासून सुरू केलं, पण वडा राहिला बाजूला. वरुण कसा हसू दाबत होता, नुपूर घोरता घोरता खरंच कशी झोपली, मागच्या वर्षी काय झालं, शाळेत काय झालं, वर्षभराचं सगळं खड्ड्याखड्ड्याने, धक्के खात, न थांबता. मयूराने रेडिओ बंद केला. लेटरबॉक्सची लाल रिबीन दिसली, तरी पोरीचं संपलं नव्हतं. म्हणून मयूराने गाडी दारात न वळवता सरळ पुढे घेतली आणि त्या एकसारख्या घरांना अजून एक चक्कर मारली.